कृषी केंद्राच्या काउंटरवर एआयले विचारून औषध देणं सुरू झालं, मले भेव वाटून राह्यलं

पऱ्हाटीवाला (यवतमाळ जिल्हा)

राम राम मंडळी. मी तालुक्याच्या गावी एका कृषी सेवा केंद्रात काउंटरवर बसतो, ११ वर्षं झाली. दुकान माझं नाई, नोकर माणूस हाये. लांबलचक लिहून राह्यलो, सांभाळून घ्या, पण हे कुठंतरी सांगणं जरुरी वाटलं.

ऑगस्टमधली गोष्ट. एक कास्तकार आला, दुपट्ट्यात पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, चार पानं गुंडाळून आणलेली. काउंटरवर ठेवली त बोटावानी लांब लांब चिरलेली पानं, शिरा सगळ्या उभ्या, पाहणाऱ्याले वाटन भेंडीचं पान हाये. आमच्याकडं यंदा एक नवा पोट्टा लागला, बीएस्सी ॲग्री झालेला, हुशार हाये, बोलाचालाले चांगला. त्यानं मोबाईलनं फोटो काढला, एआयले टाकला, दहा सेकंदात शुद्ध मराठीत उत्तर आलं की हा पानं मुरडणारा विषाणू हाये, पांढऱ्या माशीनं पसरते, अमुक कीटकनाशक आणि तमुक कीटकनाशक, वरतून एक टॉनिक. पोट्ट्यानं डब्बे काढून काउंटरवर मांडले बी. चार एकराचं बिल होऊन राह्यलं होतं.

मी पलीकडं युरियाच्या थैल्या मोजत होतो, पानं दिसली म्हणून आलो. विचारलं, काका, साऱ्या वावरात हाये का एका बाजूनं? म्हणे धुऱ्याकडून (बांधाकडून) सुरू झालं, पहिल्या काही तासात, म्हणजे ओळीत, लय हाये, मग कमी कमी होत गेलं. म्हटलं फवारा कधी मारला? म्हणे बारा दिवस झाले. पंप कोणाचा? म्हणे आपला बिघडला होता, शेजाऱ्याचा आणला. शेजाऱ्यानं त्या पंपानं काय मारलं होतं? तवा तो माणूस थांबला. धुऱ्यावर तणनाशक मारलं होतं म्हणे. टू-फोर-डी.

ज्याईले माहीत नाई त्याईच्यासाठी सांगतो, टू-फोर-डी म्हणजे रुंद पानाच्या तणाचं औषध, आणि पऱ्हाटी त्याले इतकी नाजूक हाये की पंपात, नळीत, नोझलात उरलेल्या थेंबांनं बी पानं भेंडीवानी होतात. पहिल्या दोन-चार पंपात उरलेलं जास्त राह्यते म्हणून पहिल्या तासात जास्त लागते, मग पंप धुतला जाते तसं कमी. तो विषाणू तिकडं पंजाब, हरियाणा, राजस्थानात कापसाले छळते, आपल्या विदर्भात ते दुखणं नाई. म्हणजे रोगच नव्हता आणि दोन दोन कीटकनाशकं मारणार होतो आपण, ते बी त्याच पंपानं.

मी डब्बे वापस ठेवले. पंप सोडा टाकून दोन-तीनदा धुवाले सांगितला, नोझल काढून धुवा म्हटलं, शेंडे खुडा, पाणी असन त द्या, युरियाची हलकी फवारणी करा आणि वाट पाहा.

आता माझी खरी गोष्ट. २०१७ चं खरीप मी याच काउंटरवर पाह्यलं. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेल्ती, हवा कोंदट, फवारा सारा तोंडावर येत होता, आणि दोन-दोन तीन-तीन औषधं एकाच डब्यात मिसळून मारणं चालू होतं. आपल्या जिल्ह्यात २० च्या वर माणसं विषबाधेनं गेली, शेकडो दवाखान्यात. त्या साली मिसळून मारायची चिठ्ठी मी बी लिहून दिली होती. त्या कास्तकाराले काही झालं नाई. पण त्याची बायको चौथ्या दिवशी दुकानात आली त माझ्या पोटात गोळा आला होता, ती फक्त खताचा भाव विचाराले आल्ती. तवापासून मी विष किती जहाल हाये ते सांगणारा डब्ब्यावरचा रंगीत त्रिकोण पाह्यल्याशिवाय डब्बा हातात देत नाई. लाल असन त हातमोजे, तोंडाले कपडा, वाऱ्याची दिशा, सारं बोलतो, कास्तकार कंटाळला तरी बोलतो.

मोबाईलनं त्या दिवशी एक बी सवाल विचारला नाई. फोटो घेतला आणि उत्तर दिलं. मले त्याचंच भेव हाये. तुमच्या तुमच्या कामाच्या जागी काय चालू हाये ते सांगा.

---

संत्रा_वरुड

भाऊ, गोष्ट खरी हाये तुमची पण दुसरी बाजू बी ऐका. माझी ३०० झाडं आहेत संत्र्याची. १५ वर्षांत मी ज्या ज्या दुकानात गेलो तिथं मले काय भेटलं? ज्या औषधात मार्जिन जास्त ते. आंबिया बहार गळून राह्यला त टॉनिक घ्या, डिंक्या (खोडातून डिंक गळणारा रोग) आला त तेच टॉनिक घ्या. तुमच्यासारखा पंप कोणाचा विचारणारा माणूस मले एकदाच भेटला, तो बी वारला. मोबाईल निदान कमिशन त खात नाई. मी रात्री ११ वाजता विचारतो त तो चिडत नाई, बिल होत नाई, आणि मी अडाणी हाये असं तोंड करत नाई.

मागच्या साली मले एआयनंच सांगितलं की झाडाच्या बुडाशी पाणी साचू देऊ नका, बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा, आणि मग मी कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत पाह्यलं त तेच होतं. म्हणून सरसकट वाईट म्हणू नका.

---

पऱ्हाटीवाला

संत्रा भाऊ, तुमचं म्हणणं मले लागलं, आणि ते खरंच हाये. मार्जिन पाहून माल देणारे आमच्याच धंद्यात हायेत, मी नाई म्हणणार नाई. पण एक सांगतो. तुम्ही पुस्तिकेत पाह्यलं. तुम्ही विचारलं, मग ताडलं, मग लावलं. आमच्या काउंटरवर मधातलं ताडणं गायब झालं. आणि दुसरं, तुम्ही तुमच्या बागेसाठी विचारता, चुकलं त तुमचं. पोट्टा दुसऱ्याच्या वावरासाठी विचारते, आणि बिलावर बॅच नंबरासकट आमच्या दुकानाचा शिक्का राह्यते. लायसन दुकानाच्या नावानं हाये, मोबाईलच्या नावानं नाई.

---

हिंजवडीतला_वऱ्हाडी

मूळ गाव दारव्ह्याजवळ, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दादा, तुमचं उदाहरण मी आज आमच्या टीममध्ये सांगितलं.

ते असं का झालं ते थोडं सांगतो. हे चॅटवालं एआय म्हणजे कुठल्या तपासलेल्या वहीत पाहून उत्तर देणारं यंत्र नाही. आतापर्यंतच्या शब्दांनंतर पुढचा कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, हे ते प्रचंड मजकुरावरून शिकलेलं असतं आणि त्यावरून वाक्य बनवत जातं. फोटोचंही तसंच, आधी पाहिलेल्या कशासारखं दिसतंय ते. कापसाची मुरडलेली पानं म्हटलं की जगभरातला बहुतेक मजकूर त्या विषाणूबद्दलच असणार. शेजाऱ्याचा पंप उसना आणला ही गोष्ट फोटोत नसतेच ना. आणि मराठीत, त्यातही आपल्या भागातल्या शेतीबद्दल, इंटरनेटवर लिहिलेलंच किती आहे? भाषा मात्र इतकी सफाईदार असते की माणसाला वाटतं याला पक्कं माहीत आहे. चूक सांगतानाही आवाज तोच, बरोबर सांगतानाही तोच. मला सगळ्यात धोकादायक हेच वाटतं, कारण आपण माणसांचं खरंखोटं आवाजावरून ओळखतो, जो अडखळतो त्याला आपण परत विचारतो, हे अडखळतच नाही.

आमच्याकडे दुसरा धोका आहे, आतली माहिती बाहेर जाण्याचा. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला होता, त्यानंतर कंपनीनं असली टूल्स वापरण्यावर बंदी घातली. आपल्याकडे केंद्राच्या अर्थ मंत्रालयानंही जानेवारी २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना सांगितलं की ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चॅटजीपीटी, डीपसीक वगैरे वापरू नका, सरकारी कागदांची गोपनीयता जाते.

आणि जबाबदारीचं म्हणाल तर एअर कॅनडाची केस आहे. त्यांच्या वेबसाईटवरच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला सांगितलं की नातेवाईक वारल्यावरच्या सवलतीच्या तिकिटासाठी प्रवासानंतरही अर्ज करता येतो. नियम तसा नव्हता. कंपनीनं पैसे द्यायला नकार दिला, म्हणाली चॅटबॉट जे बोलला त्याला आम्ही जबाबदार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणानं सांगितलं की वेबसाईट तुमची, तर त्यावरच्या शब्दालाही जबाबदार तुम्हीच, आणि साधारण ८०० कॅनेडियन डॉलर द्यायला लावले.

---

सेवाकेंद्रवाली_ताई (वाशीम)

मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते, गावातलं एकच. माझा अनुभव पीक विम्याचा आहे.

२०२५ च्या जुलैमध्ये एक पोरगा आला, हातात मोबाईल, म्हणे ताई एआय सांगते १ रुपयात विमा होतो, तुम्ही जास्त पैसे कसे मागता? बाहेर वीसेक लोकं उभे, सगळे माझ्याकडं पाहू लागले. आता १ रुपयाची योजना २०२३ च्या खरिपापासून होती हे खरं, पण २०२५ च्या खरिपात ती बंद झाली, तेव्हापासून विमा संरक्षित रकमेच्या सोयाबीनला २ टक्क्यांपर्यंत आणि कापसाला ५ टक्क्यांपर्यंत शेतकऱ्यानं भरायचे झाले. मोबाईल जुनंच सांगत होता. मी जीआर काढून दाखवला तरी मागचा एक माणूस म्हणतच होता की बाई पैसे खाऊन राह्यली. त्या रात्री मी जेवले नाही. आठ वर्षं झाली केंद्र चालवून, एक रुपया कोणाचा वरचा घेतला नाही.

मग मी काय केलं, भिंतीवर चालू सालाचे दर मोठ्या अक्षरात लिहून लावले, खाली जीआरची तारीख टाकली. लोकं आता भिंतीकडं बोट दाखवतात.

पण मला खरी काळजी कागदांची वाटते. बाजूच्या गावात एक मुलगा लोकांचे आधार, सातबारा, बँक पासबुक, सगळ्याचे फोटो काढून त्या एआयमध्ये टाकतो, का तर फॉर्ममध्ये टाईप करायची माहिती आपोआप निघते, वेळ वाचतो. म्हाताऱ्या माणसाला काय माहीत त्याचा कागद कुठं गेला ते, तो तर विश्वासानं पिशवीसकट सगळं आपल्या हातात देतो. मी त्या मुलाला सांगितलं, बाळा हे करू नको, तर म्हणे ताई सगळेच करतात.

---

पंचायत_ऑपरेटर

नाव, गाव सांगत नाही, समजून घ्या. ग्रामपंचायतीत संगणकावर काम करतो.

ग्रामसभेचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडं आलं. आधी रजिस्टरमध्ये हातानं लिहायचे. मी सभेत मोबाईलवर मुद्दे टिपून घेतो आणि एआयला म्हणतो इतिवृत्ताच्या भाषेत कर. सुंदर करून देते, "सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन" वगैरे. दोन सभा तसंच गेलं.

तिसऱ्या सभेत गावठाणातल्या एका जागेचा विषय होता. दोन बायांनी उठून विरोध केला होता, एक तर रडली होती, तिचं गोठ्याचं छप्पर त्या जागेत येते. मी टिपणात फक्त "जागा, चर्चा, विरोध २" इतकंच लिहिलं होतं. एआयनं लिहिलं की ठराव सर्वानुमते मंजूर. आणि खाली सूचक, अनुमोदक अशी जागा करून उपस्थितांच्या यादीतली दोन नावं तिथं बसवून टाकली! त्याला ठरावाचा साचा माहीत, साच्यात ती जागा असते, म्हणून भरली. सही व्हायच्या आदल्या रात्री मी सहज वाचत होतो म्हणून दिसलं. अनुमोदक म्हणून जे नाव आलं होतं ते त्याच बाईच्या दिराचं होतं.

विचार करा, तो कागद पंचायत समितीत गेला असता तर त्या घरात काय झालं असतं. ग्रामसभेच्या ठरावाला कायद्यात वजन आहे, आणि ती बाई रडली होती हे फक्त सभेत बसलेल्यांना माहीत. मी आता परत रजिस्टरमध्ये हातानं लिहितो, विरोध करणाऱ्याचं नाव आणि तिचं म्हणणं तिच्याच शब्दात, आणि सभा उठायच्या आधी वाचून दाखवतो. वेळ लागतो. लागू दे.

---

तालुका_कोर्ट

ऑपरेटर भाऊ, तुम्ही वाचून काढलंत म्हणून वाचलात. न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी वाचलंच नाही. विमान कंपनीवरच्या एका दाव्यात त्यांनी चॅटजीपीटीनं दिलेले निवाडे कोर्टात दाखल केले, त्यातले सहा निवाडे अस्तित्वातच नव्हते. खटल्यांची नावं, न्यायाधीशांची नावं, उतारे, सगळं बनवलेलं. जून २०२३ मध्ये न्यायाधीश केविन कॅस्टेल यांनी ५,००० डॉलर दंड लावला. त्यातल्या एका वकिलानं चॅटजीपीटीलाच विचारलं होतं की हे निवाडे खरे आहेत ना, आणि ते हो म्हणालं होतं. आपण इकडे साक्षीदाराला त्याच्याच शब्दावर सोडत नाही, उलटतपासणी घेतो.

केरळ उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरणच काढलं, की निष्कर्ष, आदेश, निकाल यासाठी एआय वापरायचं नाही, आणि भाषांतर केलं तरी माणसानं तपासायचं. मी ज्युनिअर आहे, आमच्या सीनिअर सरांचा नियम साधा आहे, निवाडा छापील किंवा कोर्टाच्या साईटवर डोळ्यानं दिसला नाही तर अर्जात टाकायचा नाही. फेरफारच्या एका प्रकरणात मी एआयनं सांगितलेलं कलम टाकलं होतं, कलम खरं होतं पण विषय भलताच. सरांनी पूर्ण अर्ज परत लिहायला लावला, रात्री दीडपर्यंत बसून.

---

लॅबवाली (गडचिरोली)

आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन. आमच्याकडं सिकलसेल भरपूर, मलेरिया भरपूर. मलेरियाची स्लाईड वाचायला डोळा तयार व्हावा लागतो, मला दीड-दोन वर्षं लागली, आधीच्या बाईंनी शेजारी बसवून शिकवलं.

माझी भीती वेगळी आहे. मशीन चुकेल याच्यापेक्षा माझा डोळा जाईल याची. पोलंडमधला एक अभ्यास ऑगस्ट २०२५ मध्ये लॅन्सेटच्या मासिकात आला. मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी करणारे डॉक्टर, अनुभवी सगळे. एआयची मदत सुरू झाल्यावर काही महिन्यांनी, मदत नसलेल्या तपासण्यांत कॅन्सरआधीच्या गाठी सापडायचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलं होतं. एकाच अभ्यासावरून सगळं ठरत नाही, पण मला ते लगेच पटलं, कारण सुट्टीवरून महिनाभरानं आलं तरी पहिल्या दिवशी स्लाईडवर माझी नजर अडखळते.

आणि आमच्याकडं पावसाळ्यात नेटवर्क दोन-दोन दिवस नसते, लाईट नसते. तेव्हा तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन बाई नाला ओलांडून येते, तिला काय सांगू?

---

संत्रा_वरुड

लॅबवाली ताई, तुमचं वाचून गप्प बसलो. ऑपरेटर भाऊचं बी. माझ्या बागेचं वेगळं हाये हे मान्य करतो. पण एक विचारतो, पऱ्हाटीवाले भाऊ, त्या पोट्ट्याले तुम्ही रागावले का? त्याले कोणी शिकवलं होतं का आधी?

---

नवा_काउंटरवाला

दादा, तो मीच. आपल्या केंद्रातला. आज पहिल्यांदा इथं लिहितोय.

संत्रा काकांनी विचारलं म्हणून सांगतो, दादा रागावले नाहीत, काहीच बोलले नाहीत, तेच मला जास्त लागलं. मी चार वर्षं कॉलेजात शिकलो, टू-फोर-डीचा कापसावर परिणाम हा प्रश्न परीक्षेला होता, मी लिहिलाही होता. पण काउंटरवर एका वेळी दहा-बारा लोकं असतात, सगळ्यांना एसटी पकडायची असते, आणि शेठनी सांगितलंय की कोणाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. समोरच्या माणसाला मला माहीत नाही असं म्हणायची लाज वाटते, बीएस्सी झालाय आणि माहीत नाही म्हणतो असं म्हणतील. मोबाईलनं सांगितलं की ती लाज वाटत नाही. मला उत्तरापेक्षा तो आधार पाहिजे असायचा.

दुसरं एक सांगतो, मी शिकताना कधी कोणाच्या वावरात पंप खांद्यावर घेऊन फवारा मारला नाही, घरी शेतीच नाही आमची. पंपात नोझलापाशी औषध उरतं हे मला पुस्तकातून कळणार नव्हतं.

त्या दिवसानंतर मी एक वही केली आहे. औषधाचं नाव काढायच्या आधी सात प्रश्न, दादा जे त्या काकांना विचारत होते तेच लिहून घेतले, साऱ्या वावरात की एका बाजूनं, कधीपासून, शेवटचा फवारा कोणता, पंप कोणाचा, शेजारी काय पीक, पाणी कधी दिलं, पानाची खालची बाजू पाहिली का. एआय मी अजूनही वापरतो, खोटं बोलत नाही. पण आता आधी वही, आणि दुकान बंद झाल्यावर एआय, डब्ब्यावरचं लेबल आणि विद्यापीठाची शिफारस तिन्ही समोर ठेवून पाहतो. परवा गुलाबी बोंडअळीचं विचारलं तर त्यानं लगेच फवारणी सांगितली, सापळ्यात किती पतंग आले ते विचारलंच नाही. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री दर सापळ्यामागं रोज ८ पतंग आले तर फवाऱ्याची वेळ आली समजायचं, ते मला माहीत होतं, आणि मी त्या कास्तकाराला औषध न देता दोन सापळे देऊन पाठवलं. शेठ नाराज झाले.

---

पऱ्हाटीवाला

बाळा, मी बोललो नाई कारण मले माझं २०१७ आठवलं होतं, तुझा राग नव्हता. मले तवा कोणी वही करून दिली नव्हती आणि मी बी कोणाले विचारलं नव्हतं. तुझ्या वहीत आठवा सवाल टाक, फवारा कोण मारणार हाये, घरचा माणूस की मजूर, आणि त्याच्यापाशी हातमोजे हायेत का.

शेठचं मी पाहतो. सापळ्यानं ज्याचा फवारा वाचला तो कास्तकार रब्बीचं बियाणं घ्याले आपल्याकडंच येईन, हे त्याईले मी हिशोब मांडून सांगन.

ते भेंडीच्या पानावाले काका आज सकाळी आल्ते. म्हणे खालची पानं तशीच हायेत पण शेंड्याले नवी पालवी आली ते सरळ हाये, रुंद. मी अजून डोळ्यानं पाह्यलं नाई. उद्या दुकान दहाले उघडते, सात वाजता माझ्या गाडीवर चाल, पहिल्या तासापासून आठव्या तासापर्यंत पायी पाहू. वही घेऊन ये. आणि चप्पल नको, बूट घाल, वावरात चिखल हाये.